हवेचा डबा

माह्या बापाच्या पाईप-पान्यावर, दांड्याच्या बुडाशी, छिन्नीनं ठोकलेलं एक अक्षर आहे. धों. धों म्हणजे धोंडबा. तो पाना मी समज आली तेव्हापासून पाहून राहिलो. लहानपणी मले तो उचलत नव्हता. नववीतून शाळा सोडली त्या दिवशी मी तो एका हातानं उचलून दाखवला, तर बाबा म्हणाले, "ठेव खाली. पायावर पाडशीन."

अन् डिसेंबरातल्या त्या रविवारी, धंतोलीत डॉक्टर वामनरावच्या बंगल्यामागच्या खोलीत, माह्या डोळ्यापुढं बाबानं तो पाना ताराचंदच्या हातात देला.

"घे. आता हा तुह्यापाशीच राहू दे."

मी कोळशाची बादली घेऊन दारात उभा होतो. ताऱ्यानं पाना दोन हातांत घेतला, कपाळाले लावला. लावाच लागते काय बे कपाळाले? मी बादली अशी आपटली का दोन ढेकळं उडून पार डॉक्टरच्या गुलाबात गेली. ताऱ्यानं मान वळवली. बाबानं वळवली नाही.

ताराचंद माह्या आत्याचा पोरगा. उमरेडकडच्या खेड्यातून आय.टी.आय.ले शिकाले आला अन् वर्षभरापासून आमच्याच घरी, इंदोऱ्याले, माह्याच खाटेवर झोपून राहिला. मले खाली सतरंजी. केसाले तेल, वहीले खाकी कव्हर, खिशाले दोन पेन. मॅट्रिक पास. बोलाले लागला का एकेक शब्द वेगळा काढून बोले, जसा रेडिओवर बातम्या देऊन राहिला. माय त्याच्या ताटात भाकर टाकताना पहिले चुलीवरची गरम टाके. मी म्हणलं, "काहून वं माय, मले बुडाची काहून?" तर म्हणे, "तो पावणा आहे रे." वर्षभराचा पावणा कुठं असते?

पण भाकरीचं जाऊ द्या. बॉयलरचं सांगतो.

बॉयलर म्हणलं का लोकायले न्हाणीतला तांब्याचा बंब आठवते. हा तसा नाही. डॉक्टर विलायतेत शिकून आले, तिकून हे खूळ डोक्शात घेऊन आले. बंगल्यामागं एक खोली बांधली, तिच्यात लोखंडाचा बॉयलर. खालून कोळसा पेटवाचा. बॉयलरच्या पोटातलं पाणी तापलं का ते नळीतून वर जाते, न्हाणीजवळच्या तांब्याच्या पिंपात गोल गोल फिरते, पिंपातलं न्हायचं पाणी तापवते, अन् थंड होऊन परत पोटात येते. म्हणजे पोटातलं पाणी वेगळं अन् न्हायचं वेगळं. पोटातलं पाणी कोणी न्हायले घेत नाही, कोणी पीत नाही. एकदा भरून बंद केलं का तेच ते वर्षभर फिरते.

त्या पाण्याचा दाब दाखवाले एक गेज आहे, एकाच काट्याचं. बाबा त्याले घड्याळ म्हणते. बॉयलर थंड असला का काटा पंधरावर पाहिजे. मागच्या तीन हिवाळ्यांत तो पंधरावरून हालला नव्हता. यंदा दिवाळीनंतर रोज सकाळी पाचावर. दाब कमी झाला का पाणी वर चढत नाही, पिंप कोमट राहते, अन् डॉक्टरच्या बाईसाहेब न्हाणीतून ओरडते.

म्हणून रोज सकाळी मी सायकल घेऊन इंदोऱ्याहून धंतोलीले जाऊन राहिलो होतो. थंड बॉयलरले हातपंपानं पाणी मारत होतो, काटा पंधरावर आणत होतो, घरी येत होतो. मी गेल्यावर तिथली कामवाली प्रयागबाई कोळसा पेटवे. दुसऱ्या दिवशी काटा परत पाचावर.

आता पाणी बंद नळ्यांत आहे, कोणी घेत नाही. मंग जाते कुठं?

बाबा मिलच्या बॉयलरवर वीस वर्षं झाले. तिथल्या साहेबानं त्यायले शिकवलेला कायदा एकच, बॉयलर तपासाचा तर थंड. गरम बॉयलरच्या जोडाले हात लावला अन् वाफ सुटली तर माणूस सोलून निघते. बाबाच्या सोबतचा एक जण तसा गेला होता. तेव्हापासून बाबा थंड लोखंडच तपासते. दोन रविवार त्यायनं सारे जोड तपासले. कोरडे. सेफ्टी वाल पायला, म्हणजे दाब जास्ती झाला तर पाणी बाहेर सोडणारा वाल. तोही कोरडा. शेवटी, नेहमीसारखं, भिंतीवरच्या हवेच्या डब्यावर पाना ठोकून पायला, मान हलवली, म्हणाले, "ठीक आहे."

तिसऱ्या रविवारच्या आधी, शुक्रवारी, ताऱ्यानं सांगितलं, "मामाजी, आमच्या पुस्तकात आहे. वर जाणाऱ्या नळ्यांचे दोन्ही वाल बंद करू अन् चोवीस तास ठेवू. काटा पडला तर फॉल्ट बॉयलरमध्ये. नाही पडला तर वरच्या नळ्यांत."

मले राग आला, कारण युक्ती चांगली होती. मले सुचाले पाहिजे होती.

त्यानं शनिवारी येऊन वाल बंद केले, कोळसा पेटवू देला नाही. रविवारी काटा पंधरावर, जसाच्या तसा. मंग वरच्या नळीचा एक जोड त्याले ढिला वाटला. तो खोलला, पाणी गळू नये म्हणून ताग गुंडाळला, सफेदा लावला, कसला. बाबा त्याच्याकडं असे पाहून राहिले होते जसं त्यानं ताजमहाल बांधला. अन् तिथंच तो पाना देला.

घरी जाताना मी मागं मागं चाललो. बाबा मधात सायकल धरून, ताऱ्या रस्त्याच्या अंगानं. नेहमी असाच. बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत मोटार आली का हा मामाले कोपराले धरून बाजूले घे. रिक्षा आली का कोपर. टांगा आला का कोपर. जसा नवरदेवाले मांडवात घेऊन चालला.

"काहून बे ताऱ्या," मी म्हणलं, "मामाले चालता येत नाही काय?"

तो कधीच उलटून बोलत नाही, त्याच्यानं तर आग जास्तीच लागते.

"बाबा," मी मागून म्हणलं, "मलेही एखादा जोड कसू द्या ना."

बाबा चालत राहिले.

"बाबा!"

काही नाही. वर्षभर हेच चालू होतं. मी बोललो का बाबा भिंतीकडं पाहे, ताटाकडं पाहे. ताऱ्या पुढं येऊन बसला, तोंडासमोर तोंड आणून तेच बोलला, का बाबाची गाडी सुरू. रबर, वायसर, वाफ, सारी मिल. एकदा मी हात धुता धुता इचारलं, "हवेचा डबा कायले लागते, बाबा?" जबाब नाही. ताऱ्यानं पाच मिनिटानं तेच इचारलं, तर बाबा जेवण सोडून सांगाले लागले. पाणी तापलं का फुगते. फुगलेल्या पाण्याले जागा पाहिजे. म्हणून तो डबा अर्धा पाण्याचा, अर्धा हवेचा. पाणी फुगलं का हवा दबते, जागा देते, थंड झालं का परत ढकलते. "हवा म्हणजे गादी," बाबा म्हणाले. मी मोरीत उभा राहून ऐकलं. मले सांगत नव्हते, तरी ऐकलं.

सोमवारी प्रयागबाईनं कोळसा पेटवला. मंगळवारी सकाळी मी गेलो तर काटा पाचावर.

खोटं कायले बोलू, मले इतकं बरं वाटलं का मी शिट्टी मारत पंप मारला.

बुधवारी डॉक्टरनं मले व्हरांड्यात बोलावलं. डॉक्टर माणूस वाईट नाही. "नत्थू, वडिलांना सांग, रविवारी मी स्वतः खोलीत येऊन बसणार आहे. होळीनंतर माझं नवीन हॉस्पिटल सुरू होतंय, तिथे याहून मोठा बॉयलर आहे. त्याच्यावर मला कायमचा माणूस ठेवायचाय. तुमच्याकडून हा छोटा दुरुस्त होत नसेल, तर मी मुंबईहून माणूस आणतो, मग नोकरीही त्याच कंपनीच्या माणसाला."

कायमचा माणूस. माह्या कानात घंटीच वाजली. नववी नापास पोट्ट्याले कोण कायमचं ठेवते? पण फॉल्ट ज्यानं काढला त्याले डॉक्टर सर्टिफिकेट इचारणार होते काय? नव्हते. माह्या डोळ्यापुढं ताऱ्या आला, पाना घेऊन, कपाळाले लावताना. मी ठरवलं, हा फॉल्ट मीच काढीन, अन् कोणाले सांगणार नाही. रविवारी डॉक्टरपुढं, बाबापुढं, ताऱ्याच्या तोंडावर काढून दाखवीन.

गुरुवारी पंप मारून मी घरी गेलो नाही. मागच्या पायरीवर बसलो. प्रयागबाई खोलीच्या भिंतीमागच्या धोप्यातून, म्हणजे अळूतून, पानं तोडत होती, वड्या कराले. धोपा तिथं दाट माजला आहे, मोरीचं पाणी तिकडंच जाते. बाई पान तोडे, पाहे, अन् फेकून दे.

"काहून फेकून राहिली वं मावशी?"

"पाय ना बाप्पा, भिंतीकडची सारी पानं अशीच. उकडल्यावानी."

मी पान हातात घेतलं. पिवळं, लिबलिबीत, कडा गळालेल्या. थंडीनं पान करपते, त्याले असं होत नाही. हे शिजलं होतं. मी वाकून धोप्यात डोकं घातलं. भिंतीतून एक नळी बाहेर आली होती, बोटाएवढी, तोंड खाली. सेफ्टी वालची. तिच्याखाली एक टमरेल ठेवलेलं.

"हे कोणाचं?"

प्रयागबाईनं पदर खोचला. इकडं पायलं, तिकडं पायलं. "तू सांगशीन तर नाही कोणाले? सकायी कोयसा पेटला का तिच्यातून उनून पाणी येते. बाईसाहेब भांड्याले गरम पाणी देत नाही ना. थंडीनं हात फुटते माहे. त्यातच घासून घेतो."

"रोज येते?"

"दिवाळीपासून रोज. शिट्टी मारते अन् येते."

"मंग सांगितलं काहून नाही? आम्ही महिनाभर मरून राहिलो इथं!"

"मले कोणी इचारलं?" ती म्हणाली. "तुम्ही तिघंही येता, थंड लोखंडाले कान लावून बसता, चहा पिता अन् जाता."

तिनं कोळसा पेटवला अन् मी पहिल्यांदाच तो बॉयलर तापताना घड्याळापुढं उभा राहिलो. पंधरा. अठरा. बावीस. चांगल्या बॉयलरचा काटा तिथं थांबाले पाहिजे. हा थांबला नाही. पंचवीस, अठ्ठावीस, तीस. भिंतीमागं शीऽऽ झालं, टमरेलात पाणी पडाले लागलं. काटा जरा उतरे, परत चढे, परत शीऽऽ. मंग दिवसभर इतकं पाणी गेल्यावर रात्री थंड होऊन काटा पाचावर नाही पडणार तर कुठं? अन् सकाळी नत्थूराव हजर, पंप घेऊन.

वाल खराब नव्हता. तीसवर उघडाचा तर तीसवरच उघडत होता, इमानदार होता बिचारा. दाबच जास्ती होऊन राहिला होता. काहून? फुगलेल्या पाण्याले जागा नव्हती. जागा कोण देते? मोरीतून ऐकलेलं सारं आठवलं. मी हवेच्या डब्यापाशी गेलो अन् बोटाच्या पेरानं ठोकलं. खाली भद्द. मधात भद्द. वर, जिथं हवा पाहिजे, तिथंही भद्द. डबा पाण्यानं गळ्यापर्यंत भरला होता. हवा हळूहळू पाण्यात मुरून गेली होती, अन् मी रोज सकाळी पंप मारून जी काही उरली होती तिचीही जागा भरत होतो.

मी एकटाच हासलो. प्रयागबाई म्हणे, "येडा झाला काय?"

शुक्रवार, शनिवार तोंड बंद ठेवलं. ताऱ्या लालटेनजवळ बसून वहीत नळ्यांचे चित्रं काढे, "वरचा दुसरा जोड असंन, मामाजी," म्हणे, अन् मी सतरंजीवर पडून मनात म्हणो, काढ भाऊ, काढ, रंग पण भर.

रविवारी डॉक्टर खरंच खुर्ची टाकून खोलीत बसले. ताऱ्यानं दुसरा जोड खोलला. ताग, सफेदा, पाना. बाबा बाजूले उकिडवे. घंटाभर झाला. डॉक्टरनं दोनदा घड्याळ पायलं, हातातलं.

मी म्हणलं, "काही फायदा नाही. बॉयलर पेटवा."

ताऱ्या थांबला. "पेटवून कसं तपासणार?"

"तसंच तपासते. तुह्या पुस्तकात नसंन."

बाबानं मान वर केलीच नाही, म्हणून मी त्यायच्या समोर गेलो, हातानं आगीची खूण केली. बाबा उठून उभे राहिले. "गरम बॉयलरले हात लावाचा नाही! किती वेळा सांगितलं?"

"हात नाही लावत. डोळे लावतो. पेटवू द्या."

"पेटवा," डॉक्टर म्हणाले. "तसंही काही होत नाहीये."

मी पेटवला. अर्ध्या तासात काटा चालू लागला अन् सारे घड्याळापुढं गोळा झाले. पंचवीस. अठ्ठावीस. मी मनात मोजून राहिलो होतो. तीस, अन् भिंतीमागं शीऽऽ.

डॉक्टर खुर्चीवरून उठले. "अरे! हे पाणी इथून जातंय!"

ताऱ्याचं तोंड उतरलं. मी त्याच्याकडं पायलं, चांगलं पोटभर पायलं. "सेफ्टी वाल खराब असंन," तो हळूच म्हणाला.

"वाल बरोबर आहे," मी म्हणलं. आता माहा आवाज डॉक्टरसारखा निघत होता. "दाब जास्ती होते म्हणून उघडते. दाब जास्ती काहून होते, ते इचारा. डब्यात हवा नाही."

डॉक्टरनं बाबाकडं पायलं, डब्याकडं बोट केलं. बाबाले डबा समजला. त्यायनं ताऱ्याच्या हातून पाना घेतला, डब्याच्या वरच्या अंगाले ठोकलं. एक. दोन. तीन. कान जवळ नेला. मान हलवली.

"पोकळ आहे," बाबा म्हणाले. "हवा आहे डब्यात. ठीक आहे."

भद्द, भद्द, भद्द. मी दोन हात अंतरावर उभा होतो. डॉक्टरलेही ऐकू गेलं असंन, पण त्यायले त्यातलं काय कळते? वीस वर्षं बॉयलरवर असलेला माणूस त्याले पोकळ कसा म्हणते?

मी ताऱ्याकडं पायलं. ताऱ्यानंही ऐकलं होतं. त्याच्या डोळ्यांत मी पायलं का त्याले फक्त डबाच समजला नाही, दुसरंही समजून राहिलं, अन् ते आजचं नाही. तो माह्याकडं पाहून जरासा, अगदी जरासा, मान हलवून राहिला. नोको.



तोंडासमोर तोंड आणून बोलणं. एकेक शब्द वेगळा काढणं. मोटार आली का कोपर. अन् मी, मोरीतून, मागून, दारातून बोलणारा. मिलच्या वाफेनं बाबाचे कान खाल्ले होते, अन् मी वर्षभर समजत होतो का बाप मले मोजत नाही.

अन् खुर्चीत बसलेला हा डॉक्टर कोण? मिलच्या लोकायची दर फेब्रुवारीत तपासणी करणारा. डोळे, छाती, कान. तिथंच बाबाची त्यायची ओळख झाली होती, तिथूनच हे बंगल्याचं काम आलं होतं. ज्याले वाफेची शिट्टी ऐकू येत नाही त्याले बॉयलरवर ठेवत नाही. अंगणात झाडू देते, नाही तर घरी पाठवते.

"मिस्त्री," डॉक्टर बाबाच्या पाठीमागून म्हणाले, "तुमचा मुलगा म्हणतो हवा नाही, तुम्ही म्हणता आहे. नक्की काय?"

बाबा डब्याकडंच पाहून राहिले होते.

"मिस्त्री?"

मले फक्त एक वाक्य बोलाचं होतं. साहेब, यायले ऐकू येत नाही. झालं. बाबा चूक, ताऱ्या चूक, नत्थू बरोबर. कायमची नोकरी. तीन दिवस मी याच वाक्याच्या जागेसाठी तोंड दाबून ठेवलं होतं. जिभेवर आलं होतं, खरं सांगतो.

"काम करताना ते बोलत नाही, साहेब," मी म्हणलं. "मिलची आदत आहे. थांबा जरा."

ताऱ्यानं श्वास सोडला. मले ऐकू आला. त्या श्वासाचाही मले राग आला.

मी बाबाचा हात धरला. हात धरल्याले किती वर्षं झाले होते कोण जाणे. बाबानं चमकून माह्याकडं पायलं. मी त्यायचा तळवा डब्याच्या बुडाले टेकवला. गरम. मधात टेकवला. गरम. मंग वर, पार वरच्या कोरेपाशी. हवा असती तर तिथं लोखंड थंड राहाले पाहिजे होतं, नाही तर कोमट.

बाबानं हात झटकन काढला. तळव्याकडं पायलं. परत हळूच लावला, वर, खाली, वर. मंग माह्या तोंडाकडं पाहत राहिले, इतक्या वेळ का मी खाली पायलं.

"भरला आहे," बाबा मोठ्यानं म्हणाले, डॉक्टरकडं वळून. "डबा पाण्यानं भरला आहे, साहेब. चूक झाली माही. वर हातच नव्हता लावला."

आग ओढून बाहेर काढली. दोन घंटे बॉयलर थंड होऊ देला, कारण कायदा तो कायदा. मंग डब्याची नळी बंद केली, बुडाची तोटी उघडली. पाणी धो धो निघालं. जरा वेळानं डब्यानं गट गट करून हवा ओढली, जसा तान्ह्या पोरानं दूध ओढावं. रिकामा झाला तेव्हा बाबानं पाना नाही उचलला. मले डोळ्यानं खूण केली. मी पेरानं ठोकलं. ठण्ण. मी मान हलवली. मंग बाबानं हलवली.

तोटी बंद, नळी चालू, हातपंपानं पंधरा. परत पेटवला. काटा बावीसवर गेला अन् तिथं असा बसला जसा कोणी खिळा ठोकला. भिंतीमागं काही आवाज नाही. प्रयागबाई दारात येऊन उभी राहिली, माह्याकडं असं पाहे जसं मी तिच्या घरचा चुलाच इझवला.

"वा," डॉक्टर म्हणाले. मंग बाबाच्या समोर येऊन म्हणाले, "बोला मिस्त्री, हॉस्पिटलला कोणाला ठेवू? मुलाला की भाच्याला?"

समोरून बोलले, म्हणून बाबाले समजलं. माही छाती अशी वाजून राहिली होती का मले वाटलं बाबालेही ऐकू जाईन.

"ताराचंदले ठेवा," बाबा म्हणाले. "जूनमध्ये त्याले सर्टिफिकेट मिळते. दवाखान्याचं काम कागदावालं आहे."

मी कोळशाची बादली उचलली अन् बाहेर निघून गेलो. धोप्यात जाऊन उभा राहिलो. शिजलेली पानं पायानं चिरडली, एक एक. डोळ्यात पाणी आलं ते वाफेचं नव्हतं, वाफ तर मीच बंद केली होती.

बाबा मागून आले. एकटे. माह्या समोर येऊन उभे राहिले, जसं ताऱ्याशी राहते तसं.

"कधी समजलं तुले?"

"आज," मी म्हणलं. मंग आठवलं, अन् तोंड वर करून परत म्हणलं, हळू, वेगळं काढून. "आज."

"कोणाले सांगशीन?"

मी मान हलवली. नाही.

"त्याले कागद मिळंन, तो जाईन हॉस्पिटलात. तू माह्यासंग मिलमध्ये ये. बदलीवर लावतो, कोणी रजेवर गेला का त्याच्या जागी. बॉयलरवर दोन माणसं लागते. एकाले नाही ऐकू आलं तर दुसऱ्याले आलं पाहिजे. फेब्रुवारीत तपासणी आहे. त्याच्यानंतर मी किती दिवस टिकीन माहीत नाही. तोवर तू शिकून घे." मंग म्हणाले, "मोरीत उभा राहून नोको ऐकू."

म्हणजे बाबाले माहीत होतं. मी मोरीत उभा राहतो ते.

"ताऱ्याले कधीपासून माहीत आहे?" मी इचारलं.

"आला त्या दिवसापासून."

"तुम्ही सांगितलं?"

"नाही गा. त्यानं पायलं."

हे सर्वात जास्ती लागलं. नोकरीपेक्षा, पान्यापेक्षा. माह्या डोळ्यांची मले केवढी घमेंड. शिजलेलं पान मले दिसते, काटा कुठं थांबते ते दिसते. अन् ज्या माणसासमोर सोळा वर्षं जेवलो त्याचे कान गेले हे परका येऊन एका दिवसात पाहून गेला.

घरी निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. बाबा मधात सायकल घेऊन. ताऱ्या, पाना पिशवीत, नेहमीसारखा रस्त्याच्या अंगानं. पिशवीतून दांडा बाहेर आला होता, त्याच्यावरचं धों मले दिसत होतं. बर्डीवर गर्दी होती. मागून टांग्याची घंटी वाजली अन् ताऱ्याचा हात बाबाच्या कोपराकडं गेला.

मी दोघांच्या मधात घुसलो.

"तिकून चाल बे," मी म्हणलं.

"काहून?"

"तिकून चाल म्हणलं ना."

तो माह्याकडं पाहत राहिला. मंग पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेऊन बाबाच्या मागून फिरला अन् आतल्या अंगाले गेला, दुकानांच्या बाजूले. टांगा जवळ आला. मी बाबाचं कोपर धरलं अन् जरा जास्तीच जोरात बाजूले ओढलं.